शेरा, तारीख आणि कागद
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही वकील नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो, ते आजतागायत काउंटरवरच आहोत. तेव्हा हे कायद्याचे व्याख्यान समजू नये. नोकरीच्या ठिकाणी जातीवरून अन्याय झाला आणि माणूस कोर्टात गेला तर पुढे काय होते, आणि त्या निकालातून आपल्यासारख्या नोकरदाराच्या पदरात नेमके काय पडते, एवढाच आजचा विषय. गेली काही वर्षे आम्ही असे निकाल मिळतील तेथून मिळवून वाचत आहोत. का वाचू लागलो तेही सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या खानदेशापासून करू. १९२९ साली डॉ. बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणे हे त्या समितीचे काम. धुळ्याकडील एका गावच्या बहिष्काराची चौकशी आटोपून परतताना चाळीसगाव स्टेशनवर आपल्या लोकांनी त्यांना उतरवून घेतले आणि महारवाड्यात मुक्कामाला नेण्याचे ठरविले. टांगेवाल्यांनी टांगा भाड्याने देण्याची तयारी दाखविली, पण महाराला बसवून स्वतः हाकण्यास नकार दिला. अखेर ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच एका माणसाच्या हाती लगाम आला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले आणि घोडा-टांगा नदीत गेला. परदेशातून पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, सरकारी कामगिरीवर असताना, आणि ही गत. आज आपल्याला हा प्रसंग माहीत आहे तो कशामुळे? टांगेवाल्यावर खटला झाला नव्हता आणि समितीच्या दप्तरातही आपण तो वाचलेला नाही. बाबासाहेबांनी स्वतः तो लिहून ठेवला म्हणून माहीत आहे. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दर ३१ जुलैला आपण जातो, तेथेही ते १९३७ साली धुळ्याच्या कोर्टाच्या कामासाठी आले असता मुक्कामी होते. कोर्ट आणि कागद यांचे मोल त्या माणसाला कळत होते. आम्हाला ते फार उशिरा कळले.

आमची हकीकत थोडक्यात सांगतो. बँकेचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. काही वर्षांपूर्वी लिपिकाचे अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा आम्ही उत्तीर्ण झालो. मुलाखतीच्या अगोदर साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "तुम्हाला अभ्यासाची काय गरज? तुमचं तर बसल्या जागी होतं." आणखीही काही बोलले, ते येथे सांगण्यासारखे नाही. मुलाखतीचा निकाल लागला, यादीत आमचे नाव नव्हते. घरी येऊन जेवलो नाही, सौभाग्यवतींशी दोन दिवस धड बोललो नाही, आणि मग गप्प बसलो. तीन वर्षांनी आमच्या कर्मचारी कल्याण संघटनेच्या एका जाणत्या पदाधिकाऱ्यांपुढे हे सर्व बोलून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाऊ, तारीख कोणती?" आम्हाला सांगता येईना. आखाजीचा आदला दिवस होता एवढे आठवत होते, कारण त्या संध्याकाळी घरी घागर भरायची होती. "केबिनमध्ये दुसरे कोण होते? मुलाखतीत किती गुण मिळाले ते मागितले का? त्या वर्षीचा अहवाल पाहिला का?" साऱ्याचे उत्तर नाही. ते म्हणाले, "मग आता ही फक्त आठवण झाली, तक्रार नाही झाली." राग आला, पण त्यांचे खरे होते. त्या दिवसापासून आम्ही निकाल वाचू लागलो.

आता ज्या खटल्याने सारा देश हलला त्याकडे येतो. त्याचे मूळ एका गोपनीय अहवालातील शेऱ्यात आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात अनुसूचित जातीचे एक भांडारपाल होते. त्यांच्या वार्षिक गोपनीय अहवालात सचोटी आणि चारित्र्य चांगले नसल्याचा शेरा वरिष्ठांनी मारला. त्यांनी ४ जानेवारी २००६ रोजी कराड पोलिसांत ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद दिली. ते वरिष्ठ अधिकारी असल्याने खटल्यासाठी परवानगी लागत होती. तपास अधिकाऱ्याने ती मागितली डिसेंबर २०१० मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी, आणि जानेवारी २०११ मध्ये तंत्रशिक्षण संचालकांनी ती नाकारली. परवानगी नाकारण्याचा अधिकार संचालकांना नव्हता, तो शासनाचा होता, असे म्हणत भांडारपालांनी २०१६ मध्ये खुद्द संचालकांविरुद्ध फिर्याद केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द करण्यास नकार दिला, तेव्हा संचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हाच तो खटला.

२० मार्च २०१८ रोजी निकाल लागला. संचालकांविरुद्धची कारवाई रद्द झाली. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. सरकारी नोकराला अटक करण्यापूर्वी त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी, इतरांच्या अटकेसाठी वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची परवानगी, गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी, असे निर्देश साऱ्या देशासाठी देण्यात आले. २ एप्रिलचा भारत बंद आपल्या स्मरणात आहे, त्यात माणसे दगावली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून ते निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फेरविचारात ते मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी १८-अ हे कलमही वैध ठरविले.

विजय झाला, यात शंका नाही. पण आम्ही नोकरदाराच्या नजरेने पाहतो तेव्हा एक गोष्ट टोचते. सन २००६ ते २०२० या चौदा वर्षांत अटकेवर चर्चा झाली, जामिनावर झाली, परवानगी कोणी द्यावी यावरही झाली. तो शेरा खरा की खोटा, ही मूळ गोष्ट मात्र देशभर गाजलेल्या त्या निकालांत बाजूलाच राहिली. फेरविचारात मागे घेतले गेले ते सर्वांसाठीचे निर्देश. भांडारपालाच्या कागदावरील ओळ पुसण्याचा तो खटलाच नव्हता. फौजदारी कायदा आरोपीला शिक्षा देतो, बढती देत नाही. शिवाय त्यात हेतू सिद्ध करावा लागतो. साहेबाने शेरा जातीमुळे मारला की खरोखर कामावरून, हे त्याच्या मनात शिरून कोण दाखविणार?

याच्या शेजारी दुसरा खटला ठेवून पाहा. सीमा सडक संघटनेत देव दत्त नावाचे अभियंता होते. १९९३-९४ च्या त्यांच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. ऐकायला बरे वाटते. परंतु अधीक्षक अभियंता पदाच्या बढतीसाठी पाचही वर्षे 'अत्युत्तम' लागत होते. त्या एका 'चांगल्या'ने त्यांची बढती गेली, आणि तो शेरा त्यांना कधी कळविलाच नव्हता, कारण प्रतिकूल शेरे तेवढे कळविण्याची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी सांगितले की शेरा कोणताही असो, वाईट, साधारण, चांगला किंवा अत्युत्तम, तो नोकराला कळविलाच पाहिजे आणि त्याविरुद्ध निवेदन करण्याची संधी दिलीच पाहिजे. न कळविणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ चा भंग आहे. देव दत्त तोवर निवृत्त झाले होते, तरी शेरा सुधारला गेल्यास मागील तारखेपासून बढतीचा विचार करावा, असा आदेश झाला. १४ मे २००९ च्या केंद्राच्या परिपत्रकाने पूर्ण अहवाल नोकराला देण्याची आणि निवेदनासाठी पंधरा दिवसांची तरतूद झाली. २०१३ साली सुखदेव सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हेच तत्त्व कायम केले.

हा खटला जातीचा नव्हता, हे ध्यानात घ्यावे. देव दत्त यांना कोणाचा द्वेष सिद्ध करावा लागला नाही. नियम पाळला गेला नाही एवढेच दाखवावे लागले, आणि ते कागदावरून दिसत होते. आमच्या मते गोपनीय अहवालाने ज्यांची बढती अडविली त्या आपल्या माणसांना या एका निकालाने जेवढे दिले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने दिले असेल. 'सर्वसाधारण' हा शेरा शिवीसारखा दिसत नाही, म्हणून आपण तो सोडून देतो. आम्हीही सोडला असता. अहवाल हाती आला की त्यावरची पोहोच-तारीख लिहून ठेवावी आणि पंधरा दिवसांत निवेदन द्यावे. आपल्या खात्यात मुदत वेगळी असेल तर ती विचारून घ्यावी. निवेदनात साहेब जातीयवादी आहेत हे पहिल्या ओळीत लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्या वर्षी कोणते काम केले, किती उद्दिष्ट होते, किती गाठले, प्रशंसेचे पत्र कोणते, आणि मग हा शेरा कशाच्या आधारे, असे विचारावे. स्वतःचा अहवाल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. मात्र शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा अहवाल मागू नये. अकोल्याच्या एका अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती दुसऱ्याने मागितली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ती माहिती खाजगी ठरली. व्यापक जनहित दाखविल्याशिवाय ती मिळत नाही.

केबिनच्या दाराबद्दलही बोलले पाहिजे. ॲट्रॉसिटी कायद्यात अपमानाचा गुन्हा होण्यासाठी तो लोकांच्या नजरेसमोर, म्हणजे इतरांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी व्हावा लागतो. तमिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाने तक्रार केली होती की कार्यालयात आलेल्या माणसाने त्यांना जातीवरून शिवीगाळ केली. तक्रारीनुसार प्रसंग घडला तो कार्यालयाच्या खोलीत, आणि सहकारी आत आले ते नंतर. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार लोकांच्या नजरेसमोरचा नाही म्हणून ते प्रकरण रद्द केले. निकाल वाचताना आम्हाला आमच्या साहेबांचे लोटलेले दार आठवले. याचा अर्थ बंद खोलीतील अपमान सहन करावा असा कोणी घेऊ नये. खात्यांतर्गत तक्रार होऊ शकते, आचारसंहितेचा भंग दाखविता येतो, त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळविता येते. फक्त फौजदारी फिर्याद कोठे टिकते आणि कोठे नाही, हे आधी माहीत असावे. खोटा साक्षीदार तर कधीच उभा करू नये. एका खोट्या साक्षीने पुढच्या दहा खऱ्या तक्रारी बुडतात.

जळगावात उभे राहून डॉ. पायल तडवी यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आदिवासी तडवी भिल्ल समाजातील ही आपल्या जिल्ह्याची लेक मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. निवासी डॉक्टर म्हणजे विद्यार्थीही आणि नोकरदारही. २२ मे २०१९ रोजी तिचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा, ॲट्रॉसिटीचा आणि रॅगिंगविरोधी कायद्याचा गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांना जामीन दिला आणि ८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण पूर्ण करण्यास परवानगी दिली. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो, त्या खटल्याच्या गुणदोषांवर आम्ही बोलणार नाही. पण त्या घरच्यांनी आधीपासून तोंडी सांगून पाहिले होते, असे त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांतून आले होते. दोष त्यांचा मुळीच नाही. मुलीचे शिक्षण अडेल या भीतीने कोणते आईबाप लेखी तक्रार करायला धजतील? पायलच्या आई आबेदा तडवी पुढे रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासह २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या महाविद्यालयांतील भेदभाव रोखणारी यंत्रणा सर्वत्र खरोखर चालावी म्हणून. एका खटल्यात आपल्या मुलीसाठी न्याय, दुसऱ्यात सर्वांच्या मुलांसाठी नियम. जळगावच्या एका आईने हे केले, याची नोंद आपल्या स्मरणिकेत असावी असे आम्हाला वाटते.

आता बँकवाल्यांसाठी दोन गोष्टी, बाकीच्यांनी थोडा धीर धरावा. पहिली अनुसूचित जाती आयोगाची. आपल्याकडे समज असा की आयोगाकडे अर्ज गेला की बढतीची यादी थांबते. १९९३ साली इंडियन ओव्हरसीज बँकेतील आपल्या संघटनेच्या तक्रारीवरून आयोगाने बढतीची प्रक्रिया थांबविण्यास बँकेला कळविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत ते चौकशीपुरते, म्हणजे माणसे बोलावणे, कागद मागविणे यासाठी. स्थगिती देण्याचा अधिकार त्याला नाही. तेव्हा कागद बाहेर काढावयाचे असतील तर पुण्याच्या आयोग कार्यालयाकडे अवश्य जावे. यादी थांबवावयाची असेल तर उच्च न्यायालय, आणि जळगाव-धुळ्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे औरंगाबादचे खंडपीठ.

दुसरी सेंट्रल बँकेची. ९ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या स्केल एक ते सहापर्यंतच्या बढतीत आरक्षण द्यावे असे म्हटले, तेव्हा आमच्या शाखेत पेढे वाटले गेले. आम्हीही दोन खाल्ले. बँकांनी फेरविचार मागितला आणि ८ जानेवारी २०१६ रोजी, एक दिवस कमी वर्षभरात, न्यायालयाने आपल्याच निकालातील तो भाग चूक म्हणून वगळला. त्या स्तरावर निवडीने होणाऱ्या बढतीत आरक्षण नव्हते, सरकारी परिपत्रकांत होती ती सवलत. आरक्षण आणि सवलत या दोन शब्दांतील अंतर आम्हाला त्या दिवशी समजले. संघटनेच्या फलकावरची बातमी वाचून समाधान मानू नये, मूळ निकाल वाचावा किंवा वाचून घ्यावा.

मुदतीचे सांगतो आणि आटोपते घेतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने अंतिम आदेशापासून एक वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. अपील वा निवेदन दिले आणि उत्तरच आले नाही, तर सहा महिने वाट पाहून त्यापुढील एका वर्षात. खाजगी शाळेतील शिक्षकाला काढले किंवा खालच्या पदावर आणले तर १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील, मुदत अवघी तीस दिवस. येथे बसलेल्यांत निम्मे शिक्षक आहेत, त्यांनी हा आकडा घरी जाऊन भिंतीवर लिहावा. संस्थाचालक 'बघू, पुढच्या सत्रात घेऊ' म्हणत झुलवत ठेवतात आणि तीस दिवस तेवढ्यात निघून जातात.

विद्यार्थी मित्रांपैकी पुष्कळजण पुण्याच्या कंपन्यांत जातील, काही परदेशीही जातील. खाजगी कंपनीला अनुच्छेद १६ लागू होत नाही, गोपनीय अहवालाचे देव दत्त तत्त्वही तेथे थेट चालत नाही. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाने जून २०२० मध्ये सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याच्या वतीने दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये दोन वरिष्ठ अभियंत्यांवरील व्यक्तिगत दावा मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावास बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, ते गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये परत पाठविले. तिकडे जात पोहोचली, कायदा मागून येतो आहे. तोवर तुमच्या हाती असतो तो ई-मेल. बैठकीत कोणी काही बोलले तर त्याच संध्याकाळी 'आज आपण असे म्हणालात' एवढे सभ्य शब्दांत त्यांनाच पाठवावे, आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

आमची बढती राहिली ती राहिलीच, पुढे दुसऱ्यांदा परीक्षा दिली नाही. त्याचे दुःख आता फारसे नाही. पण ती तारीख अजून आठवत नाही, हे मात्र खुपते.

आपल्यापैकी दोघा-तिघांनी अहवालाच्या प्रती बरोबर आणल्या आहेत असे अध्यक्षांनी सांगितले. चहाच्या वेळी आम्ही मागच्या बाकावर बसू, निवेदनाचा मसुदा तेथेच करू. धुळ्याच्या मंडळींना संध्याकाळची एस.टी. गाठावयाची आहे, त्यांचे कागद आधी पाहू. जयभीम.